शीट ऑनलाइन, प्रोग्राम कार्यालयात

काही बचत गटांचा हिशोब आता वहीतून गूगल शीटमध्ये गेला आहे. बैठकीतच मोबाइलवर हप्त्यांची नोंद होते. पण पासबुकाची पानं, थकबाकीची यादी छापायला कार्यालयातल्या संगणकावर कुणी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये प्रोग्राम करून दिलेला असतो. मग तेच आकडे पुन्हा टाइप करत बसायचं का?

नको. मध्ये ओडीबीसी ड्रायव्हर बसवता येतो. हा ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. ॲक्सेसचा प्रश्न तो गूगलला कळेल असा करून विचारतो आणि शीट ॲक्सेसमध्ये टेबलासारखी दिसू लागते. ॲक्सेस ३२ बिटचं असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच हवा, ६४ला ६४. निम्मी रडारड इथेच होते.

जोडताना ड्रायव्हर गूगल खात्याची परवानगी मागतो. इथे जरा थांबा. ही परवानगी सहसा एका शीटपुरती नसते, त्या खात्याला दिसणाऱ्या सगळ्या शीट्सची असते. म्हणून आपलं घरचं खातं देऊ नका. गटासाठी वेगळं खातं उघडा आणि हिशोबाची तेवढी शीट त्याला फक्त पाहण्यापुरती शेअर करा. मग कुणाच्या कर्जाचा आकडा ॲक्सेसमधून चुकूनही बदलणार नाही.

पहिल्या ओळीत रकान्यांची नावं ठेवा. रकमेच्या रकान्यात ‘२०० रुपये’ असं लिहिलं, तर तो मजकूर धरला जातो आणि बेरीज चुकते. नुसता आकडा लिहा, तोही इंग्रजी अंकांत.

प्रोग्राम सांभाळणारी व्यक्ती बदलली, तर गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ड्रायव्हरची परवानगी काढून टाका. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही.