टाकीवरचा बुधवार

पहाटे ४.४५
नळाला पाणी आलं. नाहूरच्या एका जुन्या बैठ्या घरात दिवा लागला. काकू आधी पिण्याचं भरतात, मग पाइप मागच्या दारी ओढत नेतात. तिथे दोनशे लिटरची तीन निळी पिंपं आहेत. त्यातलं एक आज भरायचं, दुसऱ्यात कालचं पाणी आहे. मुंबईचं बरंचसं पाणी शेजारच्या भांडुप संकुलात शुद्ध होतं. माणसाला ते चांगलं, माशाला नाही. क्लोरीनने कल्ले भाजतात. म्हणून आजचं पाणी उद्या वापरायचं. तोवर हवेची नळी सोडून बुडबुडे काढत ठेवायचं. तिसऱ्या पिंपात काल संध्याकाळपासून अठरा मासे उपाशी आहेत. त्यांचा नंबर आज संध्याकाळी.

सकाळी ६.१५
अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल. जानेवारीत इथे डोंगराकडून गार वारा येतो. टाकी गोल आहे. तीन मीटर व्यास, मीटरभर पाणी, म्हणजे साधारण सात हजार लिटर. बाहेरून लोखंडी जाळी, आत जाड ताडपत्री, तळाशी आणि कडेने थर्माकोल. वर रात्री घातलेलं प्लॅस्टिक. ते काकू एका बाजूने उचलतात आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर वर ओढतात. साडेवीस.

पाणी चहासारखं तपकिरी. मासे दिसत नाहीत, सगळे तळाशी. जात गिफ्ट तिलापिया. घरात सगळे चिलापी म्हणतात. या माशाला २६ ते ३० अंश मानवतं. पारा वीसच्या आसपास आला की खाणं खूप कमी करतो. त्याच्याही खाली बराच वेळ राहिला तर आजारी पडतो. थंड मुलखात मासाच थंडीतला निवडतात. काश्मीरमध्ये १९०० साली ब्रिटनहून आणलेल्या ट्राउटच्या अंड्यांतून मासे निघाले आणि तिथल्या ओढ्यांत रुळले. ट्राउटला गारच पाणी लागतं. नाहूरमध्ये ते जमणारं नाही. वर्षाचे दहा महिने उकाडा, त्यामुळे मासा उकाड्याचा, आणि उरलेले दोन महिने त्याला जपायचं.

हवेचा पंप पडवीत आहे, भिंतीच्या आत. आधी बाहेर होता. रात्रभर गार हवा ओढायचा आणि तीच पाण्यात सोडायचा. आत घेतल्यावर पाणी थोडं कमी उतरतं.

सकाळी ७.२०
काका धीम्या लोकलने ठाण्याला निघाले. नाहूरला जलद गाडी थांबत नाही. जाताना विचारतात, "अगं, किती?" काकू सांगतात, "साडेवीस." "मग आत्ता घालू नकोस काही."

काकू टाकीच्या मधल्या नळाचा कॉक उघडतात. काळसर गाळ बादलीत पडतो. दोन बादल्या. कंबर वाकवून उचलायच्या आणि अळूला घालायच्या, उरलं तर शेवग्याला. कॉकच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली आहे. तिलापिया भारतात पहिल्यांदा १९५२ साली आला आणि देशभरच्या तळ्यांत पसरला. इथलं एकही पिल्लू गटारात जाता कामा नये. काकू जाळी रोज धुतात. गाळ गेला तेवढं पाणी कालच्या पिंपातून घालतात.

सकाळी ८.४५
आता तपासणी. एक लिटरचा प्लॅस्टिकचा शंकू टाकीच्या पाण्याने भरून खिळ्याला टांगतात. वीस मिनिटांनी खाली बसलेला गोळा वाचतात. बत्तीस मिलिलिटर. पंचवीस ते चाळीस चालतं. हा गोळा म्हणजे फ्लॉक, या पद्धतीला बायोफ्लॉक म्हणतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, जिवाणू तो खातात आणि त्यांचे गोळे होतात. ते गोळे मासे खातात. त्यामुळे पाणी रोज बदलावं लागत नाही आणि खाद्यही थोडं वाचतं.

मग अमोनियाचं किट. परीक्षानळीत पाच थेंब, हलवायचं, रंग पाहायचा. पिवळ्याचा हिरवा व्हायला लागला की काळजी. आज पिवळाच आहे. थंडीत जिवाणूही मंदावतात. मासे खात नाहीत म्हणून खाद्य तरंगत राहतं, कुजतं, आणि ते खायला जिवाणूही पुरत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात ज्यांच्या टाक्या बसतात, त्या बऱ्याचदा अशाच बसतात. काकू पावशेराला थोडा कमी गूळ कोमट पाण्यात विरघळवून कडेने ओततात. उन्हाळ्यात याच्या दुप्पट लागतो.

सकाळी ११.३०
प्लॅस्टिक पूर्ण काढलं. टाकीवर ऊन. पारा बावीसच्या वर. खाद्य स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलेलं आहे. टाकीत सध्या दोनशे ऐंशी मासे, सरासरी दोनशे ग्रॅमचे. म्हणजे छप्पन्न किलो मासा. उन्हाळ्यात याला दिवसाला दीड किलोच्या आसपास खाद्य पडलं असतं. आज अर्ध्या किलोच्या थोडं वर, तेही दोन वेळा मिळून.

तरंगत्या गोळ्यांची मूठ प्लॅस्टिकच्या चौकटीत टाकली. मिनिटभर काही नाही. मग एक तोंड वर आलं. मग पाच. मग पाण्याचा सपसप आवाज. काकू घड्याळ पाहतात. दहा मिनिटं. उरलेले गोळे हातजाळीने गाळून काढतात. ते फेकायचे नाहीत. वाळवून कोंबडीवाल्या शेजारणीला द्यायचे.

खाद्याचं पोतं पंचवीस किलोचं. किलोला पंचावन्न रुपये पडतात. रिक्षावाला पोत्याचे वीस जास्त घेतो.

दुपारी १.१०
वीज गेली. पंप अडखळला, मग इन्व्हर्टरवर चालू झाला. काकूंनी पंखा बंद केला, टीव्हीचं बटण बंद केलं, फ्रिजचा प्लग काढला. इन्व्हर्टरवर फक्त पंप. ऐंशी वॅटचा आहे, त्यामुळे बॅटरी दुपार काढते. या टाकीत मासेही श्वास घेतात आणि जिवाणूही. हवा तासभर बंद पडली तर मासे वर येऊन आ वासतात. थंडीची मेहरबानी एवढीच की गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, त्यामुळे थोडा वेळ मिळतो.

काकू पडवीतच पाटावर बसून तांदूळ निवडतात. कान पंपाकडे. पावणेतीनला वीज आली.

दुपारी ३.१५
दुसरं खाणं. पाणी साडेतेवीस. दिवसातलं सगळ्यात चांगलं. या वेळी दहा मिनिटांत काही उरलं नाही.

मग वही. मागच्या खेपेचा हिशेब तिच्यात आहे. बीज तीनशे, पाच रुपयाला एक: १,५००. खाद्य: ६,२००. सहा महिन्यांची वीज: ३,२००. गूळ, जिवाणूंची पावडर, किट, किरकोळ: १,५००. एकूण १२,४००. तीसेक मासे मेले. उरलेल्यांचे ऐंशी किलो झाले. साठ किलो विकले, १८० रुपयांनी: १०,८००. वीस किलो घरात खाल्ले. म्हणजे घरचा मासा ऐंशी रुपये किलोने पडला. टाकीचे पैसे यात नाहीत. शेवटी टाकी घासायला नाक्यावरून आणलेल्या माणसाची मजुरीही नाही, ती काकांनी खिशातून दिली. काकूंचे हात कुठल्याच ओळीत नाहीत.

सरकारी मदत? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली आली. महिलांना खर्चाच्या ६० टक्के अनुदान. पण त्यातल्या छोट्या बायोफ्लॉक प्रकल्पात चार मीटरच्या सात टाक्या धरल्या आहेत, खर्च साडेसात लाख. "सात टाक्या ठेवू कुठे? आम्ही झोपतो तिथे?" काकू वही मिटतात.

संध्याकाळी ५.३०
बुधवार. मासळीचा वार. उद्या गुरुवार, म्हणून जे काही खपायचं ते आज. तिसऱ्या पिंपातले मासे चोवीस तास स्वच्छ पाण्यात, पोटात काही नाही. चिलापीला मातीचा वास येतो ही गिऱ्हाइकांची पहिली तक्रार असते. स्वच्छ पाण्यातल्या उपासाने तो वास थोडा उतरतो. चेक देशात नाताळचा कार्प मासा जिवंत आणून घरच्या आंघोळीच्या टबात दोन-तीन दिवस ठेवण्याची जुनी रीत आहे. कारण तेही हेच सांगतात.

पहिलं गिऱ्हाईक समोरच्या इमारतीतलं. "काकू, ताजा आहे ना?" काकू हातजाळी घालतात, मासा जाळीत उडतो. उत्तर तेवढंच. काट्यावर दोन मासे, पाचशे ऐंशी ग्रॅम. "शंभर द्या, चार सोडले." साफ करून हवा असेल तर वीस रुपये वेगळे. विळीवर बसायचं, हाताला राख लावायची, खवले उलट्या दिशेने काढायचे, पोट चिरायचं, कल्ले काढायचे. एका माशाला चार-पाच मिनिटं. पाणी बर्फासारखं. बोटं बधिर होतात.

सातपर्यंत चौदा मासे गेले. गल्ल्यात सातशे वीस, त्यातले साफसफाईचे साठ. एक बाई भाव ऐकून म्हणाल्या, "बाजारात दीडशेला मिळतो." काकू म्हणाल्या, "मिळतो की. बर्फातला."

रात्री ८.३०
उरलेले चार घरात. दोन रव्यात तळलेले, दोनांचं कालवण, आगरी मसाल्यातलं, आमसूल घालून. काका काटे काढत विचारतात, "पुढचं बीज कधी सांगायचं?" काकू म्हणतात, "होळीनंतर. आत्ता पिल्लं टाकली तर थंडीने निम्मी जातील. दुकानदार म्हणेल आत्ता स्वस्त आहे. म्हणू दे."

रात्री १०.१५
प्लॅस्टिक परत घातलं, कडेला विटा. पारा बावीस. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा पाहिला. दोनचा गजर लावला. दोनला उठून फक्त पंपाचा आवाज ऐकायचा, पाण्यात हात घालायचा नाही. वहीत आजच्या तारखेपुढे तीन आकडे: सकाळी साडेवीस, खाद्य पाचशे साठ ग्रॅम, विक्री सातशे वीस. मेलेला मासा या रकान्यात शून्य.