फलक पेंटरकडून, मग वेबसाइट भाच्याकडून का?

व्यापारी बंधूंनो, दुकानाचा फलक रंगवायचा असला की आपण पेंटर शोधतो. माग बिघडला तर जॉबरला बोलावतो, शेजारच्या हुशार मुलाला नाही. वेबसाइटचे काम मात्र 'घरचा मुलगा कॉम्प्युटर शिकतोय, तोच करील' असे म्हणून उरकतो. मीही तेच केले.

भाच्याने आठ दिवसांत साइट उभी केली. खर्च काय, तर मिठाईचा एक डबा! पण थानांचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. पान उघडेपर्यंत ग्राहक दुसऱ्याकडे पोहोचायचा. पन्ना, रीड-पिक, सुताचा काउंट ही माहिती फोटोतच लिहिलेली. सर्च इंजिनला खरा आधार असतो तो टाइप केलेल्या अक्षरांचा. त्यामुळे शोधणाऱ्याला आमचा माल सापडेना. उर्दू पानाचेही तसेच, इनपेजवर लिहून चित्र चिकटवले. जाणकार माणूस युनिकोडमध्ये लिहितो आणि पानाची दिशा उजवीकडून डावीकडे ठरवून देतो, नाहीतर आकडे आणि विरामचिन्हे भलतीकडे जातात.

खरा घाव डोमेनचा. नाव नोंदले ते भाच्याच्या मित्राच्या ईमेलवर. मित्र आखातात गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडेच पडून राहिल्या, मुदत संपली आणि नाव दुसऱ्याने घेतले. इकडे बिलबुकांवर तेच नाव छापलेले! डोमेन कायमचे विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. भाडे थकले की गाळा जातो, तसेच हे.

पुढे पैसे देऊन काम करून घेतले. त्या डिझायनरने रंगाआधी विचारले, 'तुमचा ग्राहक कोण, घाऊक की किरकोळ?' हा प्रश्न भाच्याला सुचला नव्हता, मलाही नाही.

अर्थात व्हिजिटिंग कार्ड छापले म्हणून कोणी उस्ताद होत नाही. काही जण रेडीमेड साचा शिवून दिल्याच्या भावाने विकतात. बयाणा देण्यापूर्वी त्याने केलेल्या तीन-चार साइट आपल्याच मोबाइलवर उघडून पाहाव्यात. डोमेन व होस्टिंग आपल्या नावावर, पासवर्ड आपल्या हाती, बॅकअप कोण ठेवणार, पुढच्या बदलांचा दर काय, हे कागदावर घ्यावे. ज्याचे गिऱ्हाईक मोहल्ल्यातलेच आहे, त्याने हा खर्च करूच नये. त्याला गूगलवरची दुकानाची मोफत नोंद आणि व्हॉट्सअॅप पुरते.