रॉक संगीत, गीतभाषा आणि समीक्षेचे निकष

गीतसंग्रहाची समीक्षा करताना स्वर, वाद्ये व ध्वनिमुद्रण यांचा साक्षेपाने विचार होतो. गीताच्या भाषेचा विचार मात्र ती भाषा आपली की परकी, या प्रश्नापाशीच बहुधा थांबतो. हा प्रश्न किती अपुरा आहे, हे मुंबईच्या 'रॉक मशीन' या वृंदाच्या वाटचालीवरून ध्यानात येते.

या वृंदाची स्थापना १९८४ मध्ये झाली. त्या काळी भारतातील रॉक वृंद बहुतांशी पाश्चात्त्य गीतेच सादर करीत. अशा वेळी १९८८ मध्ये या वृंदाने 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वरचित इंग्रजी गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. 'द सेकंड कमिंग' हा दुसरा संग्रह १९९० मध्ये निघाला. १९९३ मध्ये वृंदाने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले व १९९५ मध्ये त्याच नावाचा संग्रह काढला. १९९७ मध्ये विसर्जित झालेला हा वृंद २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याचा 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह प्रसिद्ध झाला. नव्या नावात सिंधू नदी आली. गीतांची भाषा मात्र इंग्रजीच राहिली.

अशा वृंदांवर दोन आक्षेप घेतले जातात : अनुकरणाचा आणि परभाषेचा. हे दोन्ही एकच मानले जातात, ही समीक्षेतील मूळ चूक होय. अनुकरण हा शैलीचा प्रश्न आहे. भाषेची निवड ही काही अंशी छंदःशास्त्राची बाब आहे. रॉक संगीतात चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ठळक आघात येतो. इंग्रजीत शब्दाघात अर्थभेदक असल्यामुळे शब्द व ताल यांचे आघात जुळवून घेण्याची रीत त्या भाषेत रूढ झाली आहे. मराठीत आघाताला असे स्थान नाही. येथील पद्यरचना लघुगुरुक्रमावर, मात्रांवर वा अक्षरसंख्येवर उभी असते. मोठ्या अभंगाच्या चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा व चार अक्षरे येतात. बोलताना एकाक्षरी असणारा 'घर' हा शब्द तेथे अंत्य अकारासह द्व्यक्षरी होतो. तो रॉकच्या तालात बसविताना आघात 'घ'वर द्यावा की 'र'वर, हे रचनाकारालाच ठरवावे लागते.

ही अडचण अनुल्लंघ्य नाही. मुंबईच्याच 'अभंग रिपोस्ट' या वृंदाने संतांचे अभंग गिटार व ड्रम यांच्या साथीने गाऊन ते सिद्ध केले आहे. म्हणून इंग्रजीची निवड केवळ परकीयांच्या मोहातून झाली असे म्हणणे जसे एकांगी, तसेच मराठी या संगीताला प्रतिकूल आहे असे म्हणणेही निराधार ठरते.

शिवाय 'आपली भाषा' ही कल्पनाही सरळ नाही. सोलापूर परिसरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू शेजारी नांदतात. चिंचोळी औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या तरुणाची घरची, कारखान्यातील व गाण्याची भाषा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. त्याने उद्या एखादा वृंद काढला, तर त्याच्या गीतांची भाषा कोणती, एवढेच विचारून भागणार नाही. त्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून ताल कसा घडविला, हे समीक्षकाला ऐकावे लागेल. तसे ऐकण्यासाठी लागणारी मराठी परिभाषा सिद्ध करणे, हे भाषाभ्यासकांचे काम आहे.