लिव्हरपूलची कापूस-मंडळी

वऱ्हाड-खानदेशांतील कापसाच्या बाजारांत एके काळीं लिव्हरपूलची तार काय आली यावर दिवसाचा भाव हालत असे. जेथें कापसाचें एक बोंडही उगवत नाहीं त्या इंग्लंडांतील बंदराचा शब्द आमच्या गाडीवानापर्यंत कसा पोंचला, याचा उलगडा तेथील दलालांनीं काढिलेल्या एका संस्थेच्या इतिहासांत होतो. ही संस्था अद्याप चालू आहे. परदेशीं जाणाऱ्या पुष्कळ गांठींचे करार आजही तिच्या नियमांनीं होतात. म्हणून तिची हकीकत वाचकांस सादर करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लिव्हरपूल बंदरांत मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिण भागांतून, गुलामांच्या श्रमानें पिकलेला कापूस उतरे व तेथून मँचेस्टरकडील गिरण्यांस जाई. माल आणणाऱ्या व्यापाऱ्याचा एक दलाल व गिरणीवाल्याचा दुसरा, अशी रीत होती. या दलालांनीं १८४१ सालीं आपली मंडळी स्थापिली. तिचा बाजार नगरमंदिरामागील फरसबंद चौकांत, उघड्यावर भरे, व तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तसाच चालला. गांठी गोदींत असत, सौदा हातांतील नमुन्यावर ठरे. तेव्हां नमुना व माल यांत अंतर पडलें तर काय करावें, हा प्रश्न नित्याचाच होता. त्याचें उत्तर सर्वांनीं मिळून एकदां ठरवावें, एवढाच या मंडळीचा मूळ उद्योग.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. सात-आठ पेनी पौंडाचा अमेरिकन कापूस १८६४ सालीं तीस पेनींच्या घरांत गेला. मग सर्वांची दृष्टि मुंबईकडे वळली. हिंगणघाट, उमरावती, भडोच, धारवाड अशा नांवांनीं आमचा माल तिकडे ओळखला जाऊं लागला; परंतु ठोक नांव मात्र 'सुरती', आणि तें नांव कांहीं मानाचें नव्हतें. "देवा, कापूस धाड, पण सुरती नको," अशी प्रार्थना तेथील मजूर करीत, अशी एक गोष्ट सांगतात. आमच्या कापसाचा तंतु आंखूड हें खरें. पण सरकी, माती व पाणी यांची भर पुष्कळदां वाटेंत पडे, शेतांत नव्हे. ही लबाडी बंद करण्यासाठीं मुंबई सरकारनें १८६३ सालीं खास कायदा केला. स्वच्छ वेंचणी करणाऱ्या कुणब्यास गांवच्या सावकारानें एक पैसा अधिक दिला नाहीं, तर त्यानें कोणत्या आशेनें ती करावी, हा विचार कायदा करणाऱ्यांस सुचला नसावा. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळला व मुंबईंतील अनेक पेढ्या बुडाल्या.

पुढील वर्षीं अटलांटिक महासागराखालून तार चालू झाली व १८७० सालीं समुद्रांतील तार मुंबईसही येऊन मिळाली. जहाज निघण्यापूर्वींच त्यावरील माल विकतां येऊं लागला आणि यांतूनच वायद्याचा धंदा वाढला. दलाल स्वतःच व्यापार करूं लागले, तेव्हां व्यापारी चिडले व १८८१ सालीं त्यांनीं निराळी संस्था काढिली. सुदैवानें भांडण लांबलें नाहीं. १८८२ सालीं दोन्ही मिळून 'लिव्हरपूल कॉटन असोसिएशन' झाली. न्यूयॉर्क व ब्रेमेन येथील संस्था तोंवर निघाल्याच होत्या. मुंबईंतही कापूस व्यापाऱ्यांची संस्था १८७५ सालीं झाली होती.

आतां या मंडळीचें खरें बळ कशांत तें पाहूं. तिचा नियम असा कीं, झालेला करार रद्द होत नाहीं. समजा, ८० सेंट पौंडाप्रमाणें कापूस देण्याचा करार झाला व विकणाऱ्यानें माल दिला नाहीं. करार मिटविण्याच्या दिवशीं भाव ९५ सेंट असला, तर मधले १५ सेंट त्यानें भरावे. माल न पोंचला तरी हिशेब पोंचतो. तंटा लवादापुढें जातो; त्यावर अपीलही आहे. निकाल न पाळणाऱ्याचें नांव मंडळी जाहीर यादींत घालते, आणि सभासदांनीं अशा पेढीशीं व्यवहार करूं नये असा निर्बंध असतो. फौज ना पोलीस. पण व्यापाऱ्यास अशा बहिष्काराचें भय कोर्टापेक्षां अधिक वाटतें.

१९०६ सालीं मंडळीनें भव्य बाजारगृह बांधिलें. दुसऱ्या महायुद्धांत वायदेबाजार बंद पडला, पुढें कापसाची खरेदी सरकारनें आपल्या हातीं घेतली, व बाजार पुन्हां उघडण्यास १९५४ साल उजाडलें. तोंवर लँकेशायरच्या गिरण्याच मालवूं लागल्या होत्या. धंदा गेला तरी नियम राहिले. इतर देशांच्या पेढ्या तेच नियम मानीत राहिल्या, आणि २००४ सालीं मंडळीनें 'इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन' हें नांव घेतलें.

या नियमांची कसोटी लागली ती २०११ सालीं. मार्च महिन्यांत कापूस पौंडास दोन डॉलरांवर गेला आणि वर्ष संपण्यापूर्वीं निम्म्याहून खालीं आला. चढत्या भावांत विकणारे फिरले, उतरत्या भावांत घेणारे फिरले, व लवादापुढें तंट्यांची रीघ लागली. आपल्या सरकारनेंही एप्रिल २०१० व मार्च २०१२ मध्यें निर्यात अकस्मात् थांबविली. अशा वेळीं निर्यातदार करारानें बांधलेला राहतो, आणि ती झळ तो शेवटीं कापूस विकणाऱ्यावर लोटूं पाहतो. शेतकऱ्याचें नांव मात्र त्या करारांत नसतें. म्हणून लवादापुढें त्यास बोलतां येत नाहीं.

एखाद्या सहकारी जिनास स्वतःच गांठी परदेशीं विकावयाच्या असतील, तर तिची सही अशाच करारावर होणार. त्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. भाव न बांधतां माल देऊं करूं नये, कारण मागाहून पडलेलें अंतर आपल्यालाच भरावें लागेल. आणि घेणाऱ्या पेढीचें नांव मंडळीच्या यादींत आहे कीं काय तें पाहावें. ती यादी कोणासही पाहतां येते.