पार्ट बदलले, तरी गाडी का तापते?

रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, कूलंट कालच भरलेलं. तरी खंबाटकीच्या निम्म्या चढावर काटा 'एच'कडे सरकायला लागतो. अशा गाडीच्या मालकाकडे बिलांची चळत असते. गाडी नेमकी कधी तापते, हे मात्र त्याला कोणी विचारलेलं नसतं. माझ्या मते निम्मं निदान त्या उत्तरातच असतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

सिग्नलला तापते, पण हायवेला लागली की काटा खाली येतो? मग आधी फॅनकडे बघायचं. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा पुरतो. उभ्या गाडीत ते काम फॅनलाच करावं लागतं. उलट गावात ठीक आणि घाटात किंवा शंभरच्या वेगाला तापत असेल, तर फॅनवर खर्च करून उपयोग नाही. तिथे पाणी पुरेसं फिरत नसतं किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकायला कमी पडत असतो. सकाळी चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापली, तर पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट बंदच्या बंद राहिला आहे.

"फॅन फिरतोय ना, मग फॅन चांगला." एवढ्यावर सोडून देऊ नये. बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. मंद वेगाचा रेझिस्टर जळला, तर फॅन एकदम उशिरा, जोरात सुरू होतो. त्याहून गमतीची चूक म्हणजे मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या जातात आणि फॅन उलटा फिरतो. आवाज तोच, वाराही लागतो, पण चुकीच्या दिशेने. फॅन रेडिएटरच्या मागे असेल, तर समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरावा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे.

आता आपल्याकडचा सगळ्यात लाडका उपाय: "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो!" थर्मोस्टॅट हा मेणाच्या फुगण्यावर चालणारा छोटा वॉल्व्ह. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला, की इंजिन बराच वेळ गारठलेलं राहतं, संगणक त्याला थंड समजून जादा पेट्रोल सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं. हे नुकसान बऱ्याच जणांना मान्य असतं, "पण तापत तर नाही ना" म्हणून. गोम पुढे आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला एक चकती असते. वरचा रस्ता उघडताना ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल, तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरकडे न जाता थेट इंजिनात परततो. म्हणजे गाडी तापू नये म्हणून काढलेला पार्टच घाटात तिला तापवतो.

नवा बसवला म्हणून तो चांगलाच, असंही नाही. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून गॅसवर ठेवावा, शेजारी थर्मामीटर. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. पातेलं मात्र घरच्या स्वयंपाकाचं वापरू नका.

कूलंटबद्दलची समजूत तर थेट उलटी आहे. "कूलंट जितकं दाट, तितकं इंजिन गार." उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. कूलंटचं काम वेगळं: पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवायचा, गंज आणि क्षार रोखायचे, पंपाला आतून झिजू द्यायचं नाही. त्यासाठी साधारण निम्मं-निम्मं मिश्रण पुरतं. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं, तर इंजिन जास्त तापण्याचीच शक्यता. बाटलीवर 'रेडी टू यूज' लिहिलंय का, ते वाचायचं. कॉन्सन्ट्रेट असेल, तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बोअरवेलच्या पाण्याने आत क्षारांचा थर चढतो आणि तो थर उष्णता अडवतो. रंगावर तर मुळीच विसंबू नये. हिरवं, गुलाबी, निळं हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, रसायनाचा प्रकार त्यावरून ठरत नाही. न जुळणारे प्रकार मिसळले, तर आत गाळ किंवा जेलीसारखा चिकटा धरू शकतो.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणं हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय. आडरानात गाव गाठण्यापुरता तो चालतोही. पण ती हळद भोकाशीच थांबत नाही, रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसते. बाजारातल्या लीक-स्टॉप पावडरींचंही तेच. नंतर गळती नाही, पाणी पूर्ण, तरी गाडी तापते आणि कारण कोणाला कळत नाही. इथे इन्फ्रारेड थर्मामीटर कामाला येतो. गरम रेडिएटरवर तो फिरवला आणि मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत असं धरायला हरकत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट म्हणजे कॅप. ती नुसतं झाकण नाही, कुकरच्या शिट्टीसारखी ती दाब धरते. साधारण १ बारचा दाब असेल, तर साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग थकली, की पाणी आधीच उकळतं आणि टाकीतून बाहेर पडतं. मग मालकाला वाटतं, हेड गॅस्केट गेलं. कॅपवर छापलेला दाब गाडीला लागू आहे का, एवढं तरी पाहावं.

गॅस्केट खरंच गेलं असेल, तर अंदाजावर हेड खोलायची गरज नाही. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा टणक झाला, तर संशय पक्का होतो. त्यावर ब्लॉक टेस्टरची निळी द्रवचाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल, तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. "गॅस्केट बदललं, विषय संपला" हा मात्र महागडा गैरसमज आहे. एकदा जबर तापलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलेलं असू शकतं. किती वाक चालतो हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच इंजिनांत ती मर्यादा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्याही आत असते. डोळ्यांना ते दिसत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून मोजावं लागतं, गरज पडल्यास मशीनवर फेसिंग करावं लागतं. काही इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात. जुनेच परत आवळले, तर नवं गॅस्केटही टिकत नाही. आणि गॅस्केट उडण्याआधी गाडी मुळात कशाने तापली, ते सापडलंच नसेल, तर तीच गाडी त्याच गॅरेजात परत येणार.

दुरुस्तीनंतर लगेच तापणाऱ्या गाडीत पुष्कळदा फक्त हवा अडकलेली असते. पाणी काठोकाठ दिसतं, पण हेडच्या वरच्या भागात हवेचा फुगा बसलेला असतो. गाडीचं नाक चढाकडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून ती काढावी लागते. घाईच्या गॅरेजात हीच पायरी गाळली जाते.

"स्कॅनरला काही आलं नाही, म्हणजे गाडी ठीक" हेही खरं नाही. आतून सोललेला होज पाइप किंवा पंपाचा झिजलेला पंखा स्कॅनरला दिसत नाही. मात्र स्कॅनरवरचं चालू तापमान काट्यापेक्षा विश्वासाचं. अनेक गाड्यांचा काटा बऱ्याच अंशांच्या फरकात मुद्दाम मधोमधच ठेवलेला असतो. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. पाणी पूर्ण गेलं, तर सेन्सर कोरडा पडून काटा खालीही येऊ शकतो. इंजिन जळायला आलं असताना काटा खाली, म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

रस्त्यात तापली, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली, की आठवडाभर रोज सकाळी, इंजिन गार असताना, टाकीतली पातळी बघावी. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली, तर उरलेली हवा निघाली असं समजून भरावं. नंतरही उतरत राहिली आणि गाडीखाली थेंबही नसेल, तर पाणी आतच कुठेतरी जातंय. सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का, ते पाहून मगच मिस्त्रीला फोन करावा. आणि तापते कधी, हेही फोनवरच सांगावं.