घरी बसा, पण आजारी पडू नका

लंडन : गावी, चांदीपला, फोन लावला की लॉकडाऊनचा विषय अजूनही निघतो आणि त्यामागोमाग टोमणाही, ‘तुमची मजा होती, सरकार घरबसल्या पगार देत होतं!’ हे खरं, पण अर्धंच.

20 मार्च 2020 रोजी अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ‘फर्लो’ योजना जाहीर केली. ठप्प झालेल्या नोकरीचा 80 टक्के पगार, महिन्याला 2,500 पौंडांपर्यंत, सरकार देणार. त्याच महिन्यात आपल्याकडे लोकल थांबली आणि विरार गाठून मुंबईत कामाला जाणाऱ्यांची कमाईही. बाईच्या जनधन खात्यात तीन महिने 500-500 रुपये, रेशनवर माणशी 5 किलो फुकट धान्य, आदिवासी घरांना उशिराने 4,000 रुपयांची खावटी, त्यातलीही निम्मी वस्तूंत. बाकी संसार वाण्याच्या वहीवर चालला.

पण फर्लो हा काम थांबल्याचा पगार होता, आजारपणाचा नव्हे. आठवड्याला 400 पौंड कमावणारा वेटर घ्या. हॉटेल बंद, तर त्याला 320 पौंड. वेटरऐवजी तो वृद्धाश्रमात मदतनीस असेल आणि खोकला सुरू झाला म्हणून घरी राहिला, तर कायद्याने हमी फक्त 95 पौंड 85 पेन्सची. आठवड्याची कमाई 120 पौंडांहून कमी असेल, तर तेवढीही नाही. मग खोकला लपवून माणूस कामावर गेला, तर दोष कुणाला द्यायचा? 2020च्या उन्हाळ्यात सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीतही दिसलं, की जे वृद्धाश्रम कर्मचाऱ्यांना आजारपणाचा पगार देत होते, तिथल्या वृद्धांमध्ये लागण कमी होती. शहाणपण सुचलं, पण सप्टेंबर उजाडला. तेव्हा कमी कमाईवाल्यांना विलगीकरणासाठी एकरकमी 500 पौंड मिळू लागले.

आपल्याकडून शिकायला आलेल्या पोरांची तर वेगळीच गत. त्यांच्या निवास-कार्डावरच छापलेलं असायचं, ‘नो पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत नाही. पगारपत्रकावर नाव असेल तर मालकामार्फत फर्लो मिळू शके. रोखीने भांडी घासणाऱ्याला ते दारही बंद.

डिसेंबर 2025च्या कायद्याने 120 पौंडांसारखी किमान कमाईची अट काढली. एप्रिल 2026पासून आजारपणाचा पगार पहिल्या दिवसापासून. रक्कम मात्र मिळकतीच्या 80 टक्के किंवा आठवड्याला 123 पौंड 25 पेन्स, यांतली जी कमी असेल ती. एवढ्यात लंडनमध्ये एका खोलीचं भाडंही सुटत नाही.