तलावातला रोहू, नदीतला रोहू: नाव एकच, पण रक्त?



मत्स्यपालनाचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "भाऊ, बीज कुठून घेऊ?" व्हिडिओत मी "चांगल्या हॅचरीतून घ्या" म्हणून मोकळा झालो होतो. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. चांगली हॅचरी म्हणजे नेमकं काय, हे मला स्वतःला पंचवीस हजार रुपये घालवून कळलं. ते आज सविस्तर लिहितो.

माझं दुकान दवनीवाड्याला. जाळी, दोर, पाईप, कोंबडीचं आणि माशाचं खाद्य. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक, सोसायटीकडून मामा तलावात मासेमारी करणारे ढिवर बांधव, ज्यांच्या पिढ्या पाण्यात गेल्या. दुसरे, शेततळं काढून "आता मासे सोडू" म्हणणारे आपल्यासारखे. मी दुसऱ्या गटातला. बीबीए केलं, कॉस्टिंग येतं, म्हणून वाटलं की मासेही येतात.

मावसभावासोबत एक एकराचं तळं केलं. तीन हजार बोटुकली सोडली, रोहू, कटला आणि मृगळ. विकणारा म्हणाला, "जयंती रोहू आहे, दहा महिन्यांत पाऊण किलो." बिल मागितलं तर साध्या कागदावर लिहून दिलं, "मासा बीज". दहा महिन्यांनी जाळं ओढलं तेव्हा अठराशे मासे निघाले, सरासरी साडेतीनशे ग्रॅम. ६३० किलो माल, बारीक म्हणून ११० रुपयांनी गेला. आले ६९ हजार ३००. ठेका, बीज, खाद्य, मजुरी मिळून खर्च झाला होता ९५ हजार.

जाळं ओढायला आलेल्या एका म्हाताऱ्या ढिवर काकांनी एक मासा उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाबू, हा रोहू नोहे, कटलाबी नोहे. डोस्कं पाय याचं." डोकं खरंच रोहूपेक्षा मोठं होतं आणि कटल्यापेक्षा लहान.

आता सांगतो हे कसं होतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५७ पर्यंत आपल्या देशात रोहू-कटल्याचं बीज मुख्यतः नदीतून धरून आणायचे, कारण हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशाकडून अंडी घालून घेतली. (म्हणूनच १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो.) तेव्हापासून तळ्यातल्या माशाला नदीची गरज उरली नाही. धंद्यासाठी ही क्रांतीच. पण त्याच दिवसापासून दोन घराणी वेगळी व्हायला लागली, एक नदीतलं आणि एक हॅचरीतलं. दोन वर्षांची एक पिढी धरली तर तेव्हापासून फार तर तीस-पस्तीस पिढ्या झाल्या.

एवढ्यात काय फरक पडणार? मलाही असंच वाटायचं. पण फरक पडायला एक पिढीसुद्धा पुरते. अमेरिकेत ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउट माशावर २०१६ मध्ये एक अभ्यास छापून आला. नदीतल्या माशांची पिल्लं आणि हॅचरीच्या पहिल्याच पिढीच्या माशांची पिल्लं एकाच जागी, सारख्या पाण्यात वाढवली. तरी सातशेहून जास्त जनुकांचं काम दोघांत वेगळं दिसलं, आणि त्यांतली बरीच जखम भरणं, रोगप्रतिकार अशा गोष्टींशी संबंधित होती. कारण सरळ आहे. टाकीत गर्दी असते. त्या गर्दीत जो तगतो तोच पुढची पिढी देतो. नदीत तगायला वेगळे गुण लागतात: शिकारी मासा दिसला की पळणं, स्वतःचं खाणं शोधणं, पूर सोसणं. टाकीत या गुणांना किंमतच नाही. उलट खाद्य पडताच पुढे धावणारा धीट मासा टाकीत जाडजूड होतो आणि नदीत बगळ्याच्या तोंडी जातो.

म्हणजे घरचा मासा वाईट का? अजिबात नाही. आपल्या भागातल्या माणसाला हे धानावरून लगेच समजेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ धानाच्या बांधीत तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या, १९८३ साली. त्या वेगळ्या ठेवल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि त्यातून आपला एचएमटी तांदूळ आला. माशातही हेच करता येतं. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या सीफा या केंद्रीय संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसोबत हे काम केलं. गंगा, गोमती, यमुना, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतले रोहू आणले, त्यात स्वतःच्या फार्मचे मिसळले आणि पिढ्यान् पिढ्या जास्त वाढणाऱ्या कुटुंबांतूनच पुढचे आई-बाप निवडले. प्रत्येक पिढीमागे वाढीत साधारण १७ टक्के फायदा मिळाला. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, तो मासा बाहेर दिला. म्हणून नाव जयंती.

यातली एक गोष्ट नीट पाहा. सीफाने सुरुवात एका तळ्यातल्या दहा माशांवर केली नाही, पाच नद्यांवर केली. निवडायला विविधता लागते, आणि ती नदीत होती.

आता आपल्याकडच्या साध्या हॅचरीत काय होतं ते बघा. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. म्हणजे पाच-सहा माद्यांत हॅचरीवाल्याचा सीझन निघतो. मग तो पन्नास माद्या कशाला पोसेल? धंद्याच्या नजरेने त्याचं बरोबरच आहे. पण त्याच पाच माद्यांची पिल्लं पुढे प्रजनक होतात, भाऊ-बहीणच एका टाकीत जातात आणि दरवर्षी तेच चालू राहतं. याचं एक सोपं गणित आहे. नर-माद्या सारख्या असतील तर एकूण प्रजनकांच्या दुपटीने १ ला भागायचं. दहा मासे असतील तर एका पिढीत ५ टक्के अंतःप्रजनन वाढतं, शंभर असतील तर अर्धा टक्का. आणि नर कमी वापरले तर गणित अजून बिघडतं. दोन नर आणि अठरा माद्या, म्हणजे मोजायला वीस मासे, पण या हिशोबात ते फक्त सातच्या आसपास भरतात. पिढीला ७ टक्के. तीन-चार पिढ्यांत मरतूक वाढते, वाढ खुंटते, वाकड्या शेपटीची पिल्लं दिसायला लागतात.

दुसरी चूक तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. मोठा मासा बाजारात जातो, कारण त्याला भाव आहे, आणि उरलेला बारका मासा ब्रूडर म्हणून ठेवला जातो. ही पण निवडच झाली ना! फक्त उलटी. दादाजींनी पोचट लोंब्या ठेवून भरलेल्या विकल्या असत्या तर काय झालं असतं? कर्नाटकातल्या हॅचरींमध्ये एकनाथ आणि डॉयल या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच हा प्रकार अभ्यासून दाखवला होता.

तिसरी गोष्ट म्हणजे आमच्या तळ्यातलं ते "डोस्कं". वेळ आणि पाणी वाचवायला रोहू आणि कटला एकाच टाकीत इंजेक्शन देऊन सोडतात. अंडी-मिल्ट पाण्यात मिसळतं आणि संकर होतो. हा संकर वांझ नसतो. तोच पुढच्या वर्षी चुकून ब्रूडर म्हणून धरला की शुद्ध रोहूही गेला आणि शुद्ध कटलाही गेला.

इथे प्रामाणिकपणे सांगतो, माझा सगळा तोटा रक्तावर ढकलता येणार नाही. खाद्य आम्ही मनाला येईल तसं टाकलं, पाण्याचा ऑक्सिजन एकदाही तपासला नाही. अस्सल जयंती सोडला असता तरी या कारभारात पाऊण किलो झाला नसता. पण किती चूक माझी आणि किती बीजाची, हे सांगायलाही माझ्याकडे काही नव्हतं. कारण बिलावर "मासा बीज" एवढंच.

म्हणून आता मी हॅचरीत गेलो की आधी भाव विचारत नाही. ब्रूडर किती आहेत, नर किती, माद्या किती, हे विचारतो आणि दाखवा म्हणतो. बाहेरून नवे ब्रूडर शेवटचे कधी आणले, कुठून आणले? रोहू आणि कटला वेगवेगळ्या दिवशी की एकत्र? जयंती म्हणत असाल तर तिचं बीज ज्या केंद्रातून आणलं त्याचा कागद दाखवा. राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाची गोड्या पाण्यातल्या माशांची ब्रूड बँक भुवनेश्वरलाच आहे, तेव्हा चांगले ब्रूडर मिळतच नाहीत असं कोणी म्हणू नये. काही जण या प्रश्नांवर चिडतात. एकाने मला सरळ म्हटलं, "घ्यायचं असेल तर घ्या, लग्न नाही जुळवायचं." खरं तर लग्नच जुळवतोय आपण, आणि एकाच गोत्रातलं नको एवढंच म्हणणं आहे.

काही हुशार मित्र म्हणतात, मग वैनगंगेतलाच मासा धरून तळ्यात सोडतो. नका करू. नदीचा मासा पेलेट खाद्याला लवकर तोंड लावत नाही, गर्दीत बिथरतो. शिवाय नदीत सापडला म्हणजे जंगलीच, असंही नाही. रोहू मूळचा उत्तरेकडच्या नद्यांचा. आपल्याकडे धरणांत आणि तलावांत वर्षानुवर्षं बीज सोडलं जातं आणि पुरात ते नदीत जातं.

आणि इथेच मला त्या ढिवर काकांची दुसरी गोष्ट आठवते. त्यांना आमच्या तोट्याचं फार वाटलं नाही. ते विचारत होते, "तुमच्या तळ्याच्या सांडव्याले जाळी काऊन नाही?" ऑगस्टच्या पावसात पाणी वरून जातं, मासे नाल्यात, नाल्यातून तलावात. आपल्याला वाटतं आपलं नुकसान झालं. त्यांना भीती वेगळी. नॉर्वेत तपासलेल्या नद्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश नद्यांतल्या जंगली सालमनमध्ये पिंजऱ्यातून निसटलेल्या सालमनचं रक्त मिसळलेलं सापडलंय. तिथल्या इम्सा नदीत मोजून पाहिलं तर पाळीव सालमनची पिढी पुढे नेण्याची कुवत जंगलीच्या १६ टक्केच होती. म्हणजे निसटलेला मासा स्वतः फारसा टिकत नाही, पण जाता जाता नदीतल्यांची वीण कमकुवत करतो. आमच्या त्या मिसळ-रोहूंपैकी किती नाल्यात गेले, कोण मोजणार? ज्या तलावावर त्या काकांचं घर चालतं तो आमच्या तळ्याच्या खालच्या अंगाला आहे.

थाई मागूरचं तर बोलूच नका. मूळचा आफ्रिकेचा मासा, भारतात २००० पासून बंदी, तरी "देशी मागूर" म्हणून बीज विकणारे भेटतात. स्वस्त आहे, काहीही खातो, मरत नाही. नेमकं म्हणूनच तलावात निसटला की मरळ, शिंगी आणि आपला मागूर यांचं काही खरं नाही. पकडलं गेलं तर सगळा साठा नष्ट करतात. नफ्याचा कितीही हिशोब दाखवला तरी हात लावू नका.

यंदा मावसभाऊ आणि मी पुन्हा उतरतोय. सांडव्याला बारीक जाळी बसली, बांध हातभर उंच केला. बीज दोन हॅचरींकडून घेणार, दोन्हीकडून सारख्या वयाचा रोहू, एकाच तळ्यात. एका गटाच्या पोटाखालचा डावा पर थोडा छाटायचा, म्हणजे ओळख राहील. पाणी एक, खाद्य एक, हवा एक. तरी वजनात फरक आला तर तो बीजाचाच. शास्त्रज्ञही असंच करतात, फक्त त्यांच्याकडे टाक्या जास्त असतात. छाटायला म्हातारे काका येणार आहेत, कारण माझा हात थरथरतो. दिवाळीनंतर दोन्ही गटांतले पन्नास-पन्नास मासे कॅमेऱ्यासमोर तोलू. काटा माझ्या दुकानातलाच असेल, पासिंग केलेला.